हसवणारे चित्रपट कोणी जपावे?

कार्तिक सरला, भात घरात आले, की पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील देवळांच्या प्रांगणांत जत्रांच्या रात्री सुरू होतात. दशावताराचा खेळ उभा राहतो आणि त्याच्या पूर्वरंगात संकासुर प्रवेश करतो. अंगात काळा झगा, तोंडावर काळा बुरखा आणि बुरख्यातून लोंबणारी लांबलचक लाल जीभ. पुराणातला तो वेद चोरणारा दैत्य. परंतु प्रांगणात बसलेल्या मुलाबाळांना त्याची भीती वाटत नाही. तो सूत्रधाराशी हुज्जत घालतो, शब्दांचे भलतेच अर्थ काढतो, गावातल्या एखाद्या ताज्या गोष्टीला हळूच चिमटा काढतो आणि आजीपासून नातवापर्यंत सारे घर एकाच वेळी हसते. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संकासुराचे ते बोल पहाट होताच हवेत विरून जातात आणि कोणालाही त्याचे वाईट वाटत नाही. कारण दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी तोच संकासुर नवे बोल घेऊन पुन्हा उभा राहणार असतो. एक नट थकला, तर त्याच्या हाताखाली तयार झालेला दुसरा तो झगा अंगात घालतो. नाटकातला विनोद हा असा माणसांकडून माणसांकडे चालत जातो.

चित्रपटाचे तसे नाही. चित्रपटातला विनोद एकदाच घडतो. नटाने तोंड वेडेवाकडे केले, घसरून पडला, उठून टोपी झटकली, हे सारे फिल्मच्या पट्टीवर एकदा उमटले की त्या पट्टीखेरीज त्याला दुसरा आसरा उरत नाही. पट्टी जळाली, कुजली किंवा हरवली, की तो विनोदही गेला. तो पुन्हा करून दाखवणारा संकासुर कोठेही नसतो. म्हणूनच, जुने चित्रपट जपून ठेवावेत की नाहीत आणि ठेवायचे तर कोणते, हा प्रश्न छांदिष्ट संग्राहकांचा असला तरी केवळ त्यांचाच नव्हे. आपल्या आजी-आजोबांचे हसणे पुढच्या पिढीला ऐकू यावे की नाही, असाही तो प्रश्न आहे.

गोमंतकापुरता या बाबतीतला जमाखर्च मांडला, तर आरंभीच खर्चाची बाजू भरलेली दिसते. कोकणीतला पहिला चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ हा १९५० साली २४ एप्रिल रोजी प्रदर्शित झाला. आल जेरी ब्रागांझा यांनी तो काढला, दिग्दर्शित केला आणि त्यात भूमिकाही केली. दियोगिन्य द मेल्लो यांच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. कोकणी चित्रपटांचा दिवस म्हणून २४ एप्रिल आजही पाळला जातो. मात्र ज्या चित्रपटामुळे तो पाळला जातो, तो चित्रपट कोणालाही दाखवता येत नाही, कारण त्याची प्रतच उपलब्ध नाही. जन्मदिवस साजरा व्हावा आणि ज्याचा जन्मदिवस त्याचा चेहरा मात्र कोणाला ठाऊक नसावा, तसे हे झाले आहे.

जमेची बाजूही आहे. गोवा मुक्त झाल्यानंतर दीड-दोन वर्षांतच, १९६३ साली, ‘आमचें नशीब’ हा चित्रपट पडद्यावर आला. मुंबईच्या चित्रसृष्टीत वादक म्हणून नाव मिळवलेले फ्रँक फर्नांड हे त्याचे निर्माते; ए. सलाम हे दिग्दर्शक. संगीत ख्रिस पेरी यांचे. सी. आल्वारिस आणि रिटा लोबो ही तियात्राच्या रंगभूमीवर गाजलेली जोडी त्यात होती. पुढे १९६६ साली याच निर्मात्याने आणि याच दिग्दर्शकाने ‘निर्मोण’ काढला. दुसऱ्याच वर्षी त्याच कथेवर ‘तकदीर’ हा हिंदी चित्रपट निघाला. हे दोन्ही कोकणी चित्रपट टिकले. पहिला गेला आणि पुढचे दोन राहिले, याचे श्रेय कोणा मोठ्या योजनेला देता येत नाही. कोणीतरी ते डबे फेकून न देता ठेवले, एवढेच त्यामागचे कारण.

पेडण्याच्या वाटणीला आलेले उदाहरण याहून निराळे आणि अधिक बोलके आहे. त्या तालुक्यातल्या अरोबा गावी जन्मलेले दत्ता नाईक हे चित्रपटसंगीतात एन. दत्ता या नावाने प्रसिद्ध झाले. सचिनदेव बर्मन यांच्या हाताखाली शिकून त्यांनी ‘साधना’, ‘धूल का फूल’ अशा हिंदी चित्रपटांना संगीत दिले. १९६७ साली ‘मधुचंद्र’ नावाचा एक हलकाफुलका मराठी चित्रपट आला. राजदत्त यांनी स्वतंत्रपणे दिग्दर्शित केलेला तो पहिला चित्रपट. लेखक मधुसूदन कालेलकर हे वेंगुर्ल्याचे, म्हणजे तेरेखोलच्या खाडीपलीकडचे शेजारीच, गीते ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत अरोब्याच्या एन. दत्तांचे. या चित्रपटाची गाणी आजही रेडिओवर लागतात आणि ऐकणारा नकळत ताल धरतो. चित्रपट मात्र किती जणांनी पाहिला आहे असे विचारले, तर हात फार थोडे वर येतील.

गाणे राहिले आणि चित्रपट मागे पडला, असे का व्हावे? गाणे चांगले आणि चित्रपट वाईट, असे त्याचे उत्तर नाही. गाण्याच्या तबकड्या हजारोंनी निघतात आणि घरोघरी जातात. एका घरातली फुटली तरी दुसऱ्या घरातली वाजत राहते. चित्रपटाच्या प्रती मोजक्या. त्या वितरकाच्या कोठारात पडून राहतात आणि चित्रपटगृहांतून फिरून झिजल्या की त्यांचे काम संपते. जी वस्तू अनेकांच्या घरी असते ती उरते. जी एकाच ठिकाणी असते ती एका अपघातात जाते. जपणुकीच्या शास्त्रातील बहुतेक सारे नियम या एका नियमातून निघतात.

भारतभर पाहिले तरी हेच दिसते. मूकपटांच्या काळात आपल्या देशात सुमारे १३०० चित्रपट निघाले; त्यांतले पूर्ण किंवा अपुरे मिळून आज हाती असलेले पंचवीस-तीसांच्या घरात आहेत. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट. त्याचीही प्रत नाही. याची कारणे काही गूढ नाहीत. जुन्या फिल्मचा पाया नायट्रेटचा असे. हा पदार्थ भयंकर ज्वालाग्राही. एकदा पेटला की पाण्यानेही विझत नाही. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून ‘प्रभात’च्या चित्रपटांसह कितीतरी जुना ठेवा जळून गेला. जे जळले नाही त्यातले पुष्कळ माणसांनी आपल्या हाताने नष्ट केले. फिल्मवरच्या लेपात चांदी असते. चित्रपटाचे उत्पन्न थांबले की ती चांदी काढून घेण्यासाठी रिळे भंगारात विकली जात. अशा भंगारात प्रथम कोण जात असेल? ज्याला कोणी थोर म्हटले नव्हते तो. पौराणिक चित्रपटाला श्रद्धेचे कवच असे, ऐतिहासिकाला अभिमानाचे. सासू-सुनांचा, भाडेकरूंचा, विसरभोळ्या मामांचा चित्रपट हसण्यापुरता होता. हसून झाले, काम झाले!

येथे एक आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे. प्रत्येक हसवणारा चित्रपट काय जपण्याच्या योग्यतेचा असतो? त्यांतले कितीतरी सुमार असणार. हे खरे आहे. परंतु सुमार कोणता आणि उत्तम कोणता हे ठरवण्यात त्या त्या काळचे परीक्षक आणि व्यापारी किती चुकतात, याचे एक सुंदर उदाहरण फ्रान्समध्ये आहे. त्या चित्रपटाचे नावच असे आहे, की गोमंतकातील माणसाला ते परके वाटू नये. ‘झूर द फेत’ हे ते नाव. त्यातला ‘फेत’ म्हणजे आपल्याकडचे ‘फेस्त’. दोन्ही शब्द एकाच लॅटिन घराण्यातले. चित्रपटाचे नाव मराठीत सांगायचे तर ‘फेस्ताचा दिवस’, किंवा सरळ ‘जत्रेचा दिवस’. डिचोली तालुक्यातल्या शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, अशी ज्या प्रदेशातली लोकश्रद्धा आहे, तेथे फेस्त म्हणावे की जत्रा याचा वाद कोणी घालणार नाही.

झाक ताती हे या चित्रपटाचे दिग्दर्शक आणि नायकही. पुढे ‘म. ह्युलो’ या उंच, वाकलेल्या, भाबड्या पात्रामुळे ते जगभर प्रसिद्ध झाले. त्यांच्या ‘मों ऑंक्ल’ या १९५८ सालच्या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. ‘झूर द फेत’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. आपल्याकडे तो फारसा कोणाला ठाऊक नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताती सेंत-सेव्हेर नावाच्या खेड्यात काही काळ राहिले होते. युद्ध संपल्यावर, १९४७ साली, ते त्याच खेड्यात परत गेले आणि तेथील गावकऱ्यांनाच बरोबर घेऊन त्यांनी हा चित्रपट घेतला.

गोष्ट अगदी साधी आहे. वर्षाची जत्रा येते. लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा घेऊन गाड्या गावात शिरतात. एक पोरगा त्यांच्यामागून उड्या मारीत येतो. चौकात ध्वजाचा खांब उभारायचा आहे. जो तो हुकूम सोडतो आणि खांब भलतीकडेच कलतो. आपल्या गावच्या पालखीच्या वेळी किंवा मंडप उभारताना जे घडते तेच. फ्रांस्वा नावाचा उंच पोस्टमन सायकलवरून येतो आणि या गोंधळात ओढला जातो. त्याची टपालाची फेरी म्हणजे गावाच्या सुखदुःखाची फेरी. पत्र देता देता तो शेतकऱ्याला गवत उचलू लागतो, घोटभर घेतो, दोन शब्द बोलतो. एक म्हातारी शेळीच्या दोरीला धरून गावातून हिंडते आणि सगळ्यांवर टीका करीत असते. जत्रेत तंबूतला सिनेमाही आलेला असतो, महाराष्ट्रातल्या यात्रांतून फिरत्या टॉकीज येत तसा. त्यात अमेरिकेतल्या टपालखात्याचा माहितीपट दाखवतात: विमाने, यंत्रे, विजेची गती! गावकरी फ्रांस्वाला चिडवतात. बिचारा रात्रभर दारूच्या नशेत भटकतो आणि सकाळी ठरवतो की आपणही अमेरिकन पद्धतीने टपाल वाटायचे.

मग जी धावपळ उडते ती पाहून लहान मूलही हसते आणि त्याचे आजोबाही हसतात. चालत्या मालमोटारीच्या मागच्या फळीला धरून, सायकल न थांबवता, तो त्या फळीवरच पत्रांवर शिक्के मारतो. पत्र देण्यासाठी थांबायला सवड नाही, म्हणून ते जेथे हाती येईल तेथे अडकवतो. शेवटी सायकलसकट नदीत जातो. ओलाचिंब झालेला पोस्टमन गावात परततो तो पुन्हा आपला जुना फ्रांस्वा होऊन. शेतात गवत उचलणाऱ्यांना तो हात देतो आणि त्याची राहिलेली टपालाची पिशवी एक पोरगा घेऊन पुढे जातो. जत्रेच्या गाड्या निघून जातात. गाव पुन्हा आपल्या जागी.

एवढ्याशा गोष्टीत काय ठेवले आहे असे वाटेल. परंतु हसवणाऱ्या चित्रपटाला एक अट असते, जी रडवणाऱ्याला नसते. शोकांतिका राजाच्या महालात घडू शकते, तो महाल खरा नसला तरी चालते. विनोद मात्र उंबरठा खरा असल्याखेरीज घडत नाही. पोस्टमनने सायकल कुंपणाला कशी टेकवली, शेजारीण दारातून कशी डोकावली, पाहुण्याला प्याला कसा पुढे केला, हे बारीकसारीक अगदी बरोबर असले तरच प्रेक्षक ओळखीचे हसू हसतो. म्हणून पन्नास-साठ वर्षांनी एखाद्या गावाची बोली, चालरीत, घरे आणि माणसांचे हावभाव शोधायला निघालेल्या अभ्यासकाला थोर चित्रपटांपेक्षा घरगुती विनोदी चित्रपटांतच अधिक सापडते. सेंत-सेव्हेरचे १९४७ सालचे रस्ते, चौक आणि माणसे आज जशीच्या तशी पाहायला मिळतात ती एका हास्यपटामुळे.

आता या चित्रपटाच्या जपणुकीची कथा ऐकण्यासारखी आहे. तातींना हा चित्रपट रंगीत करायचा होता. त्यामागे त्यांची एक कल्पना होती. गाव धूसर, करड्या रंगाचे असावे, घरांची दारे आणि माणसांचे कपडे काळपट असावेत. रंग यावेत ते जत्रेच्या गाड्यांबरोबर आणि जावेत तेही त्यांच्याबरोबरच. थॉमसन या फ्रेंच कंपनीने त्या वेळी रंगीत चित्रणाची नवी पद्धत काढली होती. फिल्म काळी-पांढरीच, परंतु तिच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या, भिंगांसारख्या बारीक उभ्या कंगोऱ्यांची नक्षी. त्या कंगोऱ्यांतून रंगांची माहिती वेगवेगळ्या रेषांत साठवायची आणि पडद्यावर पुन्हा एकत्र आणायची. चित्रण झाले, मात्र थॉमसनच्या लोकांना त्या फिल्मवरून चित्रपटगृहांसाठी प्रती काढणे काही जमले नाही. प्रतीच निघेनात, तर चित्रपट दाखवायचा कसा?

सुदैवाने तातींनी एक शहाणपण केले होते. रंगीत कॅमेऱ्याच्या शेजारी त्यांनी साध्या काळ्या-पांढऱ्या फिल्मचा दुसरा कॅमेराही चालू ठेवला होता. रंगीत बुडाला, पण काळा-पांढरा हाती होता. तोही घ्यायला वितरक तयार होईनात. खेड्यातला पोस्टमन कोण पाहणार, असा त्यांचा हिशेब. १९४७ साली चित्रित झालेला हा चित्रपट १९४९ साली लोकांसमोर आला. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले. ज्या वितरकांनी तो सुमार ठरवला होता, त्यांच्या हाती त्या दिवसांत चित्रपटाचे भवितव्य असते, तर फिल्मची चांदी काढून मोकळे झाले असते!

तातींच्या मनातून रंग गेला नव्हता. १९६४ साली त्यांनी चित्रपटाची दुसरी आवृत्ती काढली. तीत एका तरुण चित्रकाराचे पात्र नव्याने घातले आणि काही वस्तूंना साच्याने रंग भरून घेतले: एखादे निशाण, एखादा फुगा. मूळ रंगीत फिल्म मात्र डब्यांतच पडून राहिली. पुढे ‘प्लेटाइम’ या १९६७ सालच्या खर्चिक चित्रपटाने तातींचे दिवाळे वाजले; १९८२ साली ते वारले. त्यांची मुलगी सोफी तातिशेफ ही स्वतः चित्रपट संकलक. तिने आणि छायाचित्रकार फ्रांस्वा एद यांनी ती जुनी रिळे हुडकली, त्या कंगोऱ्यांत दडलेले रंग नव्या साधनांनी वाचून काढले आणि १९९५ साली ‘झूर द फेत’ प्रथमच रंगांत पडद्यावर आला. चित्रणापासून ४८ वर्षे लोटली होती. जत्रेबरोबर गावात रंग येतो, ही चित्रपटाची मूळ गंमत तोवर कोणी पाहिलीच नव्हती.

संग्राहकांना हा चित्रपट प्रिय का, हे यावरून कळेल. एकाच चित्रपटाची तीन रूपे: १९४९ चे काळे-पांढरे, १९६४ चे अर्धवट रंगवलेले आणि १९९५ चे रंगीत. यांतले खरे कोणते? पहिले खरे, कारण प्रेक्षकांनी तेच पाहिले आणि तेच नावाजले. तिसरे खरे, कारण कर्त्याच्या मनात तेच होते. मधले खरे, कारण कर्त्याने ते आपल्या हाताने केले. जाणता संग्राहक यांतले एक निवडून बाकीची टाकून देत नाही. तो तिन्ही ठेवतो, आणि अलीकडे निघालेल्या संचांतून ती तिन्ही एकत्र मिळतातही. संग्रहाची किंमत केवळ दुर्मिळतेने ठरत नाही. एखादी वस्तू तिच्या इतिहासासह, तिच्या चुकांसह आणि दुरुस्त्यांसह पूर्ण असली म्हणजे ती मोलाची. ज्या संग्राहकाजवळ एकमेव प्रत आहे आणि जो ती कोणाला दाखवीत नाही, तो जपणूक करीत नसून केवळ अडवणूक करतो.

या कथेतून गोमंतकाने घ्यायचे ते दोन गोष्टींत सांगता येईल. चित्रपट वाचला तो दुसरा कॅमेरा चालू होता म्हणून, म्हणजेच दोन प्रती होत्या म्हणून. आणि रंग परत आले ते घरातल्या एका माणसाने डबे फेकले नाहीत म्हणून. ‘मोगाचो आंवडो’च्या वाट्याला यांपैकी काहीही आले नाही.

आपल्या देशात हे काम करणारी संस्था आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात समाविष्ट आहे. या संग्रहालयाची उभारणी करणारे पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, कोठारे धुंडाळून रिळे मिळवली. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज पाहता येतात, त्यांमागे त्यांचे कष्ट आहेत. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो आणि जुने चित्रपट दुरुस्त होऊन तेथे पुन्हा पडद्यावर येतात. परंतु संस्था कितीही मोठी असली, तरी जे तिच्या दारापर्यंत पोचतच नाही ते तिला जपता येत नाही. ते पोचवण्याचे काम घरांचे आहे.

पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या जुन्या घरी चित्रपटाचे रीळ कोठून असणार, असे कोणी म्हणेल. रीळ नसेल, परंतु चित्रपट म्हणजे केवळ रीळ नव्हे. चित्रपटगृहाच्या दाराशी विकली जाणारी गाण्यांची चोपडी, रस्त्यात वाटलेले हस्तपत्रक, भिंतीवरची जाहिरात, ग्रामोफोनच्या तबकडीचे वेष्टन, एखाद्या नटाबरोबर काढलेले छायाचित्र, ही सारी चित्रपटाची कागदपत्रे होत. चित्रपट हरवला तर त्याची कथा, पात्रे आणि कलावंतांची नावे याच कागदांवरून जुळवावी लागतात. आखाती देशांत किंवा आफ्रिकेत राहून परतलेल्या कुटुंबांत छोट्या कॅमेऱ्याची रिळे आणि व्हिडिओच्या फिती असण्याचाही पुष्कळ संभव आहे. त्यांत लग्ने असतील, जत्रा असतील, शाळेचे स्नेहसंमेलन असेल. घरच्यांना ती करमणूक. शंभर वर्षांनी तोच इतिहास.

ती जपायची तर आपल्या हवेशी झुंजावे लागते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि फिल्मचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे ओल. नायट्रेटनंतर आलेल्या ॲसिटेटच्या फिल्मला आगीचे भय कमी. मात्र उष्णतेने आणि दमट हवेने ती आतून विघटू लागते आणि डबा उघडताच व्हिनेगरचा, म्हणजे शिरक्याचा, आंबूस वास येतो. असा वास आला की ते रीळ लगेच इतरांपासून वेगळे करावे. हा रोग शेजारच्या रिळांची खराबीही लवकर ओढवतो. डबे माळ्यावर कौलांखाली किंवा जमिनीलगत ठेवू नयेत. घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या जागी, आडवे ठेवावेत. बुरशी आलेली फीत जुन्या यंत्रावर लावून पाहण्याचा मोह टाळावा. एकदा तुटली की ती कायमची गेली. जाणकाराकडून तिची नवी नक्कल करून घ्यावी, ती नक्कल दोन वेगळ्या घरी ठेवावी आणि मूळ वस्तू नक्कल झाली म्हणून टाकून देऊ नये. सोफी तातिशेफने मूळ रिळे टाकली असती, तर रंग कशातून काढले असते?

शेवटचा नियम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. डब्यात कागदाची एक चिठ्ठी ठेवावी: काय आहे, कोठले, कोणत्या साली, कोण कोण दिसते. नावे सांगणारी माणसे आज घरात आहेत. उद्या असतीलच असे नाही. निनावी चेहऱ्यांचे रीळ म्हणजे अर्धे हरवलेले रीळच. आजच्या तरुणांनाही हे लागू आहे. पेडण्याची पुनव, साखळीचा चैत्रोत्सव किंवा शिरगावची जत्रा आता शेकडो मोबाइलमध्ये चित्रित होते आणि मोबाइल बिघडला की त्याच्याबरोबर नाहीशी होते. चित्रण वाढले, जपणूक वाढली नाही.

संकासुराला रिळाची गरज नाही, कारण त्याची परंपरा चालू आहे. परंपरा चालू आहे तोवर त्याचे बोल विरले तरी चालेल. ज्यांनी १९५० साली पहिल्यांदा पडद्यावर आपली बोली ऐकली आणि जी माणसे ‘मधुचंद्र’ पाहून हसत घरी परतली, त्यांच्या हसण्याला तसा वारस नाही. त्याचा वारसा पत्र्याच्या डब्यांत, पिवळ्या पडलेल्या चोपड्यांत आणि माळ्यावरच्या पेट्यांत आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घराने एक पेटी उघडावी, आत काय आहे ते पाहावे आणि त्यावर नाव घालावे. एवढे झाले तरी काहीतरी उरेल.